निळ्या बाळाचा लांबचा रस्ता

आज आम्ही तुम्हाला एक इतिहास सांगणार आहोत. यात राजे नाहीत, लढाया नाहीत. जन्मतःच हृदयात दोष असलेल्या तान्ह्या बाळांचा आणि त्यांना उराशी धरून परमुलखात गेलेल्या आईबापांचा हा इतिहास आहे.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा काही जणी म्हणाल्या, "आपल्याकडं कुठं असतं असलं काही?" असतं. हजार बाळं जन्माला आली तर त्यातल्या साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. काहींचं लहानसं छिद्र आपोआप बुजतं. पण साधारण चौथ्या हिश्शाच्या बाळांना पहिल्या वर्षातच ऑपरेशन किंवा तसाच मोठा उपचार लागतो. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत वर्षाला चार-पाचशे बाळंतपणं होत असतील, तर तीन-चार बाळं तरी अशी निघणार. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण पुष्कळदा "बाळ टिकलं नाही" एवढंच बोलून विषय संपतो.

आधी हा आजार काय ते समजून घेऊ. आपलं हृदय म्हणजे दोन बाजूंचा पंप. उजवी बाजू अशुद्ध रक्त फुप्फुसाकडे पाठवते. तिथं हवा मिळून ते शुद्ध होतं. डावी बाजू ते शुद्ध रक्त अंगभर पाठवते. काही बाळांच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला छिद्र असतं आणि फुप्फुसाकडे जाणारी वाटही अरुंद असते. मग अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळून अंगभर फिरतं. ओठ, जीभ, नखं निळी पडतात. १८८८ साली फ्रान्समधल्या मार्सेय शहरात फॅलो नावाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या हृदयात चार दोष एकत्र असतात हे नीट मांडलं. आजही डॉक्टर त्या आजाराला फॅलोचंच नाव देतात. पण दोष कळला तरी इलाज नव्हता. पुढची पन्नासेक वर्षं अशी बाळं आईच्या मांडीवर निळी पडत गेली आणि डॉक्टरांनाही बघत बसण्यापलीकडं काही करता येत नव्हतं.

इलाज नसला की दोष द्यायला माणूस लागतं, आणि ते माणूस बहुतेक वेळा आईच असते. ग्रहणात बाहेर पडली, ग्रहणात विळीवर भाजी चिरली, कुणाची नजर लागली. आपल्या गावांत हे आजही ऐकू येतं. मैत्रिणींनो, बाळाचं हृदय पोटात पहिल्या आठ आठवड्यांतच घडतं. त्या वेळी पुष्कळ बायांना दिवस गेल्याचंही धड कळलेलं नसतं. बहुतेक वेळा दोष का झाला याचं एकच एक कारण सापडत नाही. आईचा ताब्यात नसलेला मधुमेह, काही औषधं, जवळच्या नात्यातलं लग्न यांनी धोका वाढतो. ग्रहणाचा आणि विळीचा याच्याशी काही संबंध नाही.

एक कारण मात्र पक्कं सापडलं, आणि त्यात आयांच्या बोलण्याचा मोठा वाटा आहे. १९४१ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडं अचानक मोतीबिंदू झालेली तान्ही बाळं येऊ लागली. त्यातल्या पुष्कळ बाळांच्या हृदयातही दोष होता. असं सांगतात, की दवाखान्याबाहेर बसलेल्या दोन आया आपसांत बोलत होत्या, की गरोदरपणात आपल्याला अंगावर पुरळ उठणारा जर्मन गोवर झाला होता. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि इतर आयांनाही विचारलं. गरोदरपणाच्या सुरुवातीला होणारा हा आजार म्हणजे रुबेला. आज अंगणवाडीत बाळाला नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची लस देतात, त्यामागं त्या आयांचं बोलणं आहे. बायांच्या गप्पांना कुणी नावं ठेवली तर ही गोष्ट सांगा.

आता अमेरिकेतल्या एका डॉक्टरीणबाईंची गोष्ट. हेलन टॉसिग, जन्म १८९८. अकरा वर्षांच्या असताना आई गेली. अक्षरं वाचताना अडचण यायची. हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत बाईला पदवी मिळत नव्हती, म्हणून त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकल्या आणि १९२७ साली डॉक्टर झाल्या. पुढं त्यांना ऐकू येणं कमी झालं. हृदयाच्या डॉक्टरला कानच नसले तर काय करायचं? त्या बाळाच्या छातीवर बोटं ठेवून ठोके समजून घ्यायला शिकल्या.

१९३०पासून त्या तिथल्या मुलांच्या हृदयाचा दवाखाना चालवत होत्या. असली आजारी मुलं बघायला कुणाला फारसा उत्साह नसे, कारण ती वाचतच नव्हती. टॉसिगबाई मात्र बघत राहिल्या. त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पोटात असताना बाळाचं फुप्फुस काम करत नाही, म्हणून रक्ताला वळसा घालून जायला एक लहानशी नळी असते. जन्मानंतर थोड्या दिवसांत ती बंद होते. काही निळी बाळं ही नळी उघडी असेपर्यंत बरी असायची आणि ती मिटली की ढासळायची. मग टॉसिगबाईंनी विचार केला, की तशीच एक नवी वाट कुणी शिवून दिली तर? बोस्टनच्या एका नामांकित सर्जनकडं त्या हे घेऊन गेल्या. त्यांनी लक्ष दिलं नाही.

१९४१ साली आल्फ्रेड ब्लेलॉक नावाचे सर्जन हॉपकिन्सला आले. त्यांच्यासोबत व्हिव्हियन थॉमस आले. थॉमस कृष्णवर्णीय, मूळचे सुतारकाम करणारे. डॉक्टर व्हायचं म्हणून पैसे साठवले होते, पण मंदीत बँक बुडाली आणि शिक्षण राहिलं. बचत बुडणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १९३०पासून ते ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. काम संशोधनाचं, पण पगाराच्या कागदावर हुद्दा सफाई कामगाराचा. टॉसिगबाईंनी अडचण मांडली, आणि थॉमस यांनी कुत्र्यांवर कित्येक महिने प्रयोग करून रक्तवाहिनी जोडायची रीत बसवली. रीत अशी, की हाताकडं जाणारी एक रक्तवाहिनी वळवून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडायची. दारं धरताना आपण एका वाफ्याचं पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडतो, तसंच.

२९ नोव्हेंबर १९४४. पंधरा महिन्यांची एक मुलगी. वजन फक्त चार किलोच्या आसपास. ब्लेलॉक यांनी ऑपरेशन केलं. थॉमस त्यांच्या मागं एका पायरीवर उभे राहून, कुठं टाका घालायचा ते सांगत होते. मुलगी टेबलावरून जिवंत परतली. काही महिन्यांनी तिची तब्येत पुन्हा बिघडली आणि ती गेली. पण वाट उघडली होती. पुढच्या एका ऑपरेशनात सहा वर्षांच्या एका निळ्या मुलाचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. १९४५ साली हे वैद्यकीय मासिकात छापून आलं. त्यावर ब्लेलॉक आणि टॉसिग यांची नावं होती. थॉमस यांचं नाव नव्हतं. त्यांचं चित्र हॉपकिन्समध्ये लागलं १९७१ साली आणि मानद डॉक्टरेट मिळाली १९७६ साली.

बातमी पसरली आणि लांबलांबचे आईबाप निळी बाळं घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाहून आले, परदेशातूनही आले. परकं शहर, दिवसेंदिवस मुक्काम, घरी राहिलेली बाकीची मुलं, आणि ऑपरेशन करून मूल वाचेलच याची खात्री नाही. ऑपरेशन एकाच ठिकाणी होत होतं आणि आजारी बाळं जगभर होती. डॉक्टरांचे इतिहास ऑपरेशनचं सांगतात, पण तिथवर पोचण्याचं ओझं कुटुंबांनीच उचललं.

आईबापांनी किती ओझं उचललं त्याची आणखी एक गोष्ट. ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं काम करणारं यंत्र अजून नीट जमलेलं नव्हतं, तेव्हा १९५४ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात लिलेहाय नावाच्या सर्जननी आईला किंवा बापालाच यंत्र केलं. बाळाच्या शेजारच्या टेबलावर त्याला झोपवायचं आणि दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडायच्या. बाळाचं हृदय उघडून शिवेपर्यंत त्या मोठ्या माणसाच्या शरीरानं दोघांचं रक्त शुद्ध करायचं. अशा पहिल्या ऑपरेशनला तेरा महिन्यांच्या मुलाचा बाप झोपला. ते मूल काही दिवसांनी गेलं. त्यानंतर मात्र कितीतरी मुलं अशा रीतीनं वाचली. नंतर यंत्रं सुधारली आणि ही रीत मागं पडली.

१९७०च्या दशकात एक औषध आलं. टॉसिगबाईंनी ओळखलेली ती नळी या औषधाच्या सलाइननं काही काळ उघडी ठेवता येते. मोठं रुग्णालय लांब असेल तर बाळाला तिथवर पोचायला वेळ मिळतो. आपल्यासारख्या खेड्यांतल्या बाळांसाठी हा मोठा आधार आहे, पण बाळ आधी दवाखान्यात पोचलं पाहिजे.

ही विद्या आपल्या देशात आणणाऱ्यांत एक बाई आहेत. डॉ. एस. पद्मावती. जन्म १९१७, ब्रह्मदेशात. महायुद्धात १९४२ साली घर सोडून त्या भारतात आल्या. पुढं परदेशी शिकायला गेल्या तेव्हा हेलन टॉसिग यांच्याकडंही शिकल्या. परत येऊन त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग या बायांच्या वैद्यकीय महाविद्यालयात हृदयरोगाचा दवाखाना सुरू केला. त्या देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. १०३ वर्षं जगल्या, २०२० साली गेल्या.

ऑपरेशनं आपल्या देशात होऊ लागली, पण ती दिल्ली, वेल्लोर, मुंबई अशा मोठ्या शहरांत. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आईला मुंबई काही बाल्टिमोरपेक्षा जवळ वाटत नाही. परळला केईएम आणि वाडिया ही रुग्णालयं शेजारी शेजारी आहेत. केईएम १९२६ सालचं, वाडिया १९२९चं. तिथल्या फुटपाथवर अंथरूण टाकून झोपलेली माणसं पाहिली तर कळतं, की उपचार फुकट मिळाला तरी रात्र कुठं काढायची हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न आपल्याच मातीतल्या एका माणसाला नीट कळला होता. गाडगेबाबा. स्वतः झाडाखाली राहिले, पण पंढरपूर, आळंदी, नाशिकला परगावच्या गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधून घेतल्या. त्यांच्या नावानं चालणाऱ्या मिशनची दादरची धर्मशाळा आज मुंबईत उपचारासाठी आलेल्या रुग्णांना, मुख्यतः कॅन्सरच्या, आसरा देते.

सरकारी पातळीवरही काही झालं. २०१२ साली महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढं ती राज्यभर झाली आणि २०१७पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. हृदयाची ऑपरेशनं तिच्यात येतात. फेब्रुवारी २०१३मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभरासाठी सुरू झाला, तो आपल्याच राज्यात, पालघरला. या कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुलं तपासतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात दोष शोधून पुढच्या उपचाराला पाठवणं हे त्याचं काम. म्हणून पथक येणार त्या दिवशी मूल मामाच्या गावाला पाठवू नका.

आता आमच्या भागातली गोष्ट. नाव-गाव सांगत नाही. आमच्या गटातल्या एका ऊसतोड करणाऱ्या सुनेला दुसरी मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आली तेव्हा बाळ छान होतं. दहाव्या-बाराव्या दिवशी दूध ओढताना दमायला लागलं, कपाळावर घाम यायचा, रडलं की ओठ काळेनिळे. चौदाव्या दिवसाच्या भेटीला आशाताई आल्या. त्यांनी श्वास मोजले, साठाच्या वर होते. त्याच दिवशी तालुका, मग जिल्ह्याचं रुग्णालय, तिथं टू-डी इको, आणि चिठ्ठी मिळाली मुंबईची.

घरात बैठक बसली. उचल घेतलेली, मुकादम दारात, कोयता बंद ठेवला तर पैसे अंगावर. त्यात एक आवाज आला, "मुलगीच आहे, देवानं नेली तर नेली." मैत्रिणींनो, हा आवाज एकट्या त्या घरातला नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशन सांगितलेल्या मुलांपैकी साधारण ७० टक्के मुलग्यांची ऑपरेशनं झाली, पण मुलींची फक्त ४४ टक्के. आजार तोच, डॉक्टर तेच. फरक घरच्या बैठकीत पडला.

त्या रात्री आमच्या गटातल्या दोन ज्येष्ठ बाया त्या घरी गेल्या. भांडल्या नाहीत. एकेक अडचण विचारली आणि तिचं उत्तर काढलं. थोरली मुलगी कुठं राहील? शेजारच्या काकूंकडं. दोन शेळ्या? गट बघेल. गटाचा हप्ता? बैठकीत ठराव करून पुढं ढकलला. हातखर्च? अंतर्गत कर्ज, त्याच दिवशी. कागद? रेशन कार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला, जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी आणि इकोचा रिपोर्ट, सगळं एका पिशवीत आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. सगळी उत्तरं मिळाल्यावर सासूबाईच म्हणाल्या, "मग न्या तिला."

मुंबईत त्यांना पाच आठवडे लागले. आईला सगळ्यात जड काय गेलं? ती म्हणते, दूध. बाळ आत, आई बाहेर, छाती भरून यायची. तिथल्या सिस्टरनं दूध काढून वाटीत कसं द्यायचं ते शिकवलं. ते दूध नळीतून बाळाला जायचं, तेवढाच तिला धीर. दुसरं जड गेलं ते गावचे फोन. दर तासाला कुणीतरी विचारायचं, "काय झालं? वाचेल का?" शेवटी आम्ही ठरवलं, रोज संध्याकाळी गटातली एकच बाई फोन करील आणि बाकीच्यांना तीच सांगेल. तिला म्हणायचं, "थोरली जेवली, शाळेत गेली, शेळ्या बऱ्या आहेत." आजाराचं ती स्वतःहून बोलली तरच. नवराही रडायचा, पण जिन्यात जाऊन. म्हणून आमच्यातल्या एकीचा नवरा दर आठवड्याला त्यालाही फोन करायचा.

ती पोर आता अंगणवाडीत आहे. दरवर्षी तपासणीला न्यावं लागतं. पुढं आणखी उपचार लागेल का ते वाढीबरोबर कळेल. सगळ्यांच्या वाट्याला असं येत नाही. काही बाळं वेळेत पोचूनही जातात. अशी आई रिकाम्या हातांनी परत आली तर तिला काय चुकलं ते विचारू नका. तिच्याजवळ बसा, तिच्या घरी भाकरी पाठवा, आणि तिचा हप्ता तेव्हाही पुढं ढकला.

आता प्रत्येक गटानं आपल्या वहीत लिहून ठेवायच्या गोष्टी.

बाळाची जीभ किंवा ओठ निळे दिसले; दूध पिताना ते दमलं, थांबून थांबून प्यायलं, कपाळावर घाम आला; शांत असताना मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास मोजले, छाती आत ओढली गेली; वजन वाढेना किंवा पुन्हा पुन्हा न्यूमोनिया झाला, तर थांबायचं नाही. निळी जीभ आणि जोराची धाप असेल तर त्याच घटकेला १०८ला फोन. बाळाला उबेत ठेवून न्यायचं. डाग देणं, घुटी पाजणं, अंगारा लावून वाट बघणं, यातलं काही नको. जन्माच्या वेळी बाळ चांगलं होतं म्हणून निर्धास्त राहू नका. ती नळी मिटायला काही दिवस लागतात, हे आता आपल्याला माहीत आहे.

दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. सुट्टी व्हायच्या आधी बाळाच्या हाताला-पायाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर आधी योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्राला गाठायचं, आणि राहायची सोय कुठं आहे हे समाजसेवा विभागात विचारायचं.

आणि गटानं पुढच्या बैठकीत एक ठराव करावा, अशी आमची विनंती आहे. कुणाच्या घरचं बाळ असं लांब न्यावं लागलं तर अंतर्गत कर्ज कुणी मंजूर करायचं, थोरल्या मुलांना कुणी ठेवायचं, जनावरं कुणी बघायची आणि रोजचा फोन कुणी करायचा, ही चार नावं आजच वहीत लिहा. वेळ आल्यावर बैठक बोलवायला सवड नसते.